कीटकगृहातील डास आणि प्रतिजैविके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डासांची वसाहत सांभाळणारे विद्यार्थी, तंत्रज्ञ आणि संशोधक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः एडिस, ॲनोफिलिस आणि क्यूलेक्स या तीन प्रजातींना धरून लिहिली आहेत, कारण प्रयोगशाळेत बहुधा यांचेच संगोपन होते.

डासांच्या वसाहतीत प्रतिजैविके वापरण्याची वेळ का येते?

कारणे तीन असतात आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ सुरू होतो. पहिले कारण निगराणीचे आहे. अळ्या मरत असतात, ट्रेमधील पाणी नासत असते किंवा प्रौढ डास अपेक्षेपेक्षा लवकर मरू लागतात, म्हणून एखादे औषध द्यावे असे वाटते. दुसरे कारण प्रयोगाचे आहे. डासाच्या आतड्यातील जीवाणू कमी केले तर हिवतापाचा परजीवी किंवा डेंगीचा विषाणू त्याच्या शरीरात अधिक वाढतो का, हे पाहायचे असते. तिसरे कारण जनुकीय आहे. काही डासांमध्ये मुद्दाम असा बदल केलेला असतो की टेट्रासायक्लिन मिळाले तरच त्यांच्या अळ्या जगतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणासाठी प्रतिजैविकाला पर्याय शोधणे अवघड आहे. पहिल्या कारणासाठी आलेल्या तक्रारींत मात्र दुखणे बहुतेक वेळा खाद्य, पाणी किंवा दाटी यांत असते आणि औषध उगाच पडते. पुढील उत्तरे वाचताना आपला प्रश्न या तिघांपैकी कोणत्या कारणाचा आहे, हे आधी ठरवून घ्यावे.

अळ्यांच्या पाण्यात जीवाणू नसतील तर अळ्या अधिक चांगल्या वाढतील ना?

नाही, आणि हा समज जितक्या लवकर सुटेल तितके बरे. डासाची अळी पाणी गाळून खाते. मुखाजवळच्या केसांच्या कुंच्यांनी ती पाण्यात प्रवाह निर्माण करते आणि त्यातून येणारे जीवाणू, यीस्ट, शेवाळ व कुजलेल्या पदार्थाचे कण गिळते. म्हणजे जीवाणू हे तिच्या खाद्याचा भाग तर असतातच, शिवाय ते तिच्या आतड्यात राहून इतर कामेही करतात.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एडिस इजिप्ती आणि ॲनोफिलिस गॅम्बी यांची अंडी पूर्ण निर्जंतुक करून त्यातून निघालेल्या अळ्यांना भरपूर पण निर्जंतुक खाद्य दिले गेले. अळ्या काही दिवस जिवंत राहिल्या, परंतु पहिल्या अवस्थेतून पुढे गेल्या नाहीत. त्यांनी कात टाकली नाही. पाण्यात जिवंत जीवाणू सोडताच वाढ पुन्हा सुरू झाली. विशेष म्हणजे त्यासाठी डासाच्या आतड्यातलाच जीवाणू लागला नाही, प्रयोगशाळेतला साधा ई. कोलायही पुरला. मेलेल्या जीवाणूंनी मात्र हे काम केले नाही.

त्यानंतरच्या काही वर्षांत निर्जंतुक अळ्याही प्रौढ होईपर्यंत वाढवता येतात, असे काही प्रयोगशाळांनी दाखवले. त्यासाठी खाद्य अतिशय समृद्ध असावे लागले आणि वाढ बरीच मंदावली. रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाशात नासते, आणि निर्जंतुक अळ्यांना खुंटवणाऱ्या गोष्टींत त्याचा तुटवडा हे एक महत्त्वाचे कारण असल्याचे २०२१ मध्ये समोर आले. ट्रेमधील जीवाणू हे जीवनसत्त्व सतत बनवत असतात, त्यामुळे ते प्रकाशात नासले तरी तुटवडा जाणवत नाही. प्रतिजैविकाने आपण हाच पुरवठा बंद करतो. एखाद्या ट्रेमध्ये औषध घातल्यावर अळ्या मरत नाहीत, पण आठ दिवसांनीही दुसऱ्याच अवस्थेत अडकलेल्या दिसतात, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

ॲनोफिलिस स्टीफेन्सीवरील एका प्रयोगात हे अगदी नेमकेपणाने दिसले आहे. अळ्यांना रिफाम्पिसिन दिल्यावर त्यांच्यातील असाइया नावाचे जीवाणू घटले आणि वाढ लांबली. त्याच औषधाबरोबर रिफाम्पिसिनला दाद न देणारे असाइया पाण्यात सोडले, तेव्हा वाढ पुन्हा जवळजवळ पूर्ववत झाली. औषध दोन्ही ठिकाणी तेच होते, म्हणजे उशीर जीवाणू गेल्यामुळे झाला होता.

तरीही माझ्या ट्रेमधील अळ्या मोठ्या संख्येने मरत आहेत. प्रतिजैविक घालू का?

आधी ट्रे उजेडाकडे तिरपा धरून पाण्याचा पृष्ठभाग पाहावा. पृष्ठभागावर पातळ, चकचकीत, हलवले असता सुरकुत्या पडणारी साय दिसत असेल तर उत्तर तिथेच आहे. एडिस आणि क्यूलेक्सच्या अळ्या शेपटीकडील श्वासनलिका पृष्ठभागाला टेकवून श्वास घेतात, ॲनोफिलिसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात. दोघींनाही हवा पृष्ठभागावरूनच मिळते. जीवाणूंची साय त्या जागी दाटली की अळी गुदमरते. साय येते ती मुख्यतः न खाल्लेल्या खाद्यामुळे. माशांचे खाद्य किंवा यकृताची भुकटी चिमटीने अंदाजे टाकली जाते, सुट्टीच्या आदल्या दिवशी दोन दिवसांचे खाद्य एकदम टाकले जाते, आणि सोमवारी ट्रेला वास येतो.

अशा ट्रेमध्ये प्रतिजैविक घातले तर जीवाणू काही काळ कमी होतात, पण शिल्लक खाद्य तसेच राहते. मग त्यावर बुरशी आणि यीस्ट वाढतात, कारण जीवाणूविरोधी औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही आणि त्यांचे स्पर्धकही आपणच दूर केलेले असतात. दोन दिवसांनी ट्रे आधीपेक्षा वाईट दिसतो.

त्याऐवजी पुढील क्रमाने पाहावे. अळ्या चाळणीवर घेऊन त्याच तापमानाच्या स्वच्छ, क्लोरीनरहित पाण्यात हलवाव्यात. खाद्य वजन करून, दररोज थोडे आणि अवस्थेनुसार वाढवत द्यावे. कोष दिसू लागले की कमी करावे, कारण कोष खात नाहीत. एका ट्रेमधील अळ्यांची संख्या मोजून ठेवावी. पृष्ठभागावर कागदी रुमाल हलकेच टेकवून उचलला तर बरीच साय निघून येते. हा उपाय जुना आणि घरगुती वाटेल, पण ॲनोफिलिसच्या ट्रेसाठी मी अजूनही रोज तोच करतो. इतके केल्यावरही एकाच ठिकाणाहून आलेल्या अंड्यांच्या अळ्या सातत्याने मरत असतील, तरच संसर्गाचा विचार करावा.

प्रौढ डासांना साखरेच्या द्रावणातून प्रतिजैविक दिल्याने फायदा होतो का?

इथे बाजू थोडी वेगळी आहे. कोषातून प्रौढ होताना डास आतड्याच्या जुन्या अस्तराचा बराचसा भाग आणि त्यासोबत बहुतेक जीवाणू टाकून देतो. त्यामुळे नुकत्याच बाहेर आलेल्या डासाच्या आतड्यात जीवाणू कमी असतात. ज्या पाण्यातून तो बाहेर आला तेच पाणी प्यायल्याने आणि पिंजऱ्यातील साखरेच्या कापसावरून ते पुन्हा शिरतात. म्हणूनच औषध द्यायचे असेल तर ते पहिल्या दिवसापासून, म्हणजे आतडे जवळजवळ रिकामे असतानाच द्यावे लागते. तीन-चार दिवस साधी साखर देऊन मग औषध सुरू केले तर काम फार कठीण होते.

वसाहतीत घातक ठरणारे काही जीवाणू आहेत, त्यांत सेराशिया मार्सेसेन्स हा वारंवार आढळतो. त्याच्या काही वाणांचा रंग लालसर असतो, त्यामुळे साखरेच्या कापसावर गुलाबी डाग पडले किंवा मेलेल्या डासांची पोटे तांबूस दिसली की जुन्या हातांना लगेच शंका येते. अशा वेळी जेंटामायसिनसारख्या औषधाने प्रौढांचे आयुष्य वाढल्याचे ॲनोफिलिसमध्ये दिसून आले आहे. तरीही रोज नवा कापूस, रोज ताजे १० टक्के साखरेचे द्रावण आणि पिंजरे बदलण्याआधी ते ब्लीचने धुणे, एवढ्याने अनेकदा हेच साध्य होते, आणि याला औषधाचे दुष्परिणाम नसतात.

दुष्परिणाम म्हणजे नेमके काय?

मादीने रक्त प्यायल्यावर तिच्या आतड्यातील जीवाणू अनेक पटींनी वाढतात. ते तांबड्या पेशी फोडण्यास आणि रक्त पचवण्यास हातभार लावतात. एडिस इजिप्तीवरील २०११ मधील एका अभ्यासात काही प्रतिजैविकांनी आतड्यातील जीवाणू घटवल्यावर रक्ताचे पचन मंदावले आणि अंडी कमी झाली. म्हणजे डास जास्त दिवस जगतील, पण पुढच्या पिढीसाठी अंडी कमी मिळतील, असा व्यवहार होऊ शकतो. वसाहत टिकवणाऱ्याला अंडी हवी असतात. नुसते दीर्घायुष्य त्याच्या उपयोगाचे नाही.

दुसरा परिणाम थेट औषधाचा असतो. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया हे मुळात जीवाणूंचेच वंशज असल्याने टेट्रासायक्लिन त्यांच्या प्रथिननिर्मितीतही अडथळा आणते. फळमाशीवरील प्रयोगांत हा परिणाम औषध थांबवल्यानंतरच्या पिढीतही मोजता आला. म्हणून टेट्रासायक्लिन दिलेल्या डासांवर वजन, उड्डाण, आयुष्य किंवा ऊर्जाव्यय यांसंबंधीचा कोणताही प्रयोग करण्यापूर्वी किमान दोन पिढ्या औषधाशिवाय जाऊ देण्याची पद्धत आहे.

कोणते प्रतिजैविक निवडावे?

डासांच्या आतड्यात ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे पेशीभोवती एक जादा बाह्य आवरण असलेल्या जीवाणूंचे प्राबल्य असते : असाइया, सेराशिया, एन्टेरोबॅक्टर, पॅन्टोइया, स्यूडोमोनास, एलिझाबेथकिंगिया वगैरे. एकटे पेनिसिलिन त्यांच्यावर फारसे चालत नाही, म्हणून ते स्ट्रेप्टोमायसिनबरोबर दिले जाते आणि बऱ्याच ठिकाणी त्यात जेंटामायसिनचीही भर घातली जाते. पेशीसंवर्धनासाठी मिळणारे पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचे तयार मिश्रण बहुतेक प्रयोगशाळांत शीतपेटीत पडलेलेच असते, आणि खरे सांगायचे तर अनेकदा तेवढ्याच कारणाने ते निवडले जाते.

जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन एकाच गटातील आहेत. हे औषध जीवाणूच्या पेशीत शिरण्यासाठी प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते. प्रौढाला साखरेतून दिलेल्या औषधाच्या बाबतीत हे फारसे आड येत नाही, पण अळ्यांच्या ट्रेच्या तळाशी साठलेल्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, आणि तिथे हे औषध लंगडे पडते. कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड झालेल्या किंवा आम्लधर्मी पाण्यातही त्याचा जोर कमी होतो.

टेट्रासायक्लिनचे दुखणे वेगळे आहे. ते प्रकाशात विघटित होते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या कणांशी जखडते. जड पाण्यात, दिवसाचे १२ तास दिवे चालू असलेल्या खोलीत आणि खाद्याच्या गढूळ ट्रेमध्ये त्याची प्रत्यक्ष उपलब्ध मात्रा बाटलीवर लिहिलेल्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते. रिफाम्पिसिन पाण्यात कमी विरघळते, द्रावणाला विटकरी रंग आणते आणि त्याच्याविरुद्धचा प्रतिकार जीवाणूंमध्ये एकाच जनुकातील एका बदलाने उद्भवू शकतो. त्यामुळे ते दीर्घकाळ एकटे वापरणे शहाणपणाचे नाही.

थोडक्यात, निवड कीटकशास्त्रज्ञाच्या सवयीने न होता जीवाणूच्या तपासणीने व्हावी. काही मेलेल्या डासांची आतडी पेट्रीबशीवर पसरून, वाढलेल्या जीवाणूंवर औषधांच्या चकत्या ठेवून पाहायला दोन दिवस लागतात. अंदाजे औषध देऊन वसाहतीचे तीन आठवडे घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

मात्रा किती असावी?

प्रौढांच्या साखरेत औषध प्रतिमिलिलिटर साधारण दहा ते शंभर मायक्रोग्रॅम इतके असते. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचे शंभरपट तीव्रतेचे नेहमीचे मिश्रण १०० मिलिलिटर साखरेच्या द्रावणात १ मिलिलिटर घातले, तर प्रतिमिलिलिटर १०० एकक पेनिसिलिन आणि १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन मिळते. ही मात्रा प्रचलित आहे. जेंटामायसिन त्याहून कमी, १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास वापरल्याचे प्रकाशित पद्धतींत आढळते. अळ्यांच्या पाण्यासाठी टेट्रासायक्लिनची ३० मायक्रोग्रॅम प्रतिमिलिलिटर ही मात्रा जनुकीय बदल केलेल्या एडिसच्या संगोपनात प्रसिद्ध आहे. ५०० मिलिलिटरच्या ट्रेला त्या हिशेबाने १५ मिलिग्रॅम औषध लागते, आणि १५ मिलिग्रॅम म्हणजे वजनकाट्यावरच्या कागदावर दिसेल न दिसेल एवढी भुकटी. म्हणून प्रत्येक ट्रेसाठी वेगळे वजन न करता आधी तीव्र द्रावण करून, गाळून, छोट्या कुप्यांत गोठवून ठेवावे.

साखरेचा कापूस २७ अंश सेल्सिअसच्या खोलीत वाळत जातो तसे औषध घट्ट होत जाते आणि दुसरीकडे नासतही जाते. दोन्ही कारणांनी कापूस २४ तासांनी बदलावा. पेनिसिलिनची भुकटी हाताळताना मुखपट्टी आणि हातमोजे वापरणे अत्यावश्यक आहे, कारण भुकटी श्वासातून जाऊन ॲलर्जी जडलेले लोक औषधनिर्मितीच्या क्षेत्रात पूर्वीपासून माहीत आहेत.

माझ्या डासांमध्ये वोल्बाकिया आहे. काही वेगळी काळजी घ्यावी का?

फार मोठी. वोल्बाकिया हा पेशींच्या आत राहणारा जीवाणू आईकडून अंड्यातून पुढे जातो. क्यूलेक्स डासांत तो १९२४ मध्ये प्रथम आढळला. क्यूलेक्सच्या काही संकरांतून अंडी का उबत नाहीत याचे कोडे १९७१ मध्ये येन आणि बार यांनी सोडवले, आणि त्यात टेट्रासायक्लिननेच मदत केली. औषधाने वोल्बाकिया काढल्यावर मादीची अंडी संसर्गित नरापासून उबेनाशी झाली. संसर्गित नर आणि वोल्बाकिया नसलेली मादी हे जोडपे निष्फळ ठरते; उलटा संकर चालतो.

पेनिसिलिन किंवा जेंटामायसिन पेशीच्या आतल्या वोल्बाकियाला सहसा हलवत नाहीत. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन मात्र तो काढून टाकू शकतात. त्यामुळे क्यूलेक्स क्विन्क्विफॅशिएटस किंवा एडिस अल्बोपिक्टस यांच्या वसाहतीत, आणि प्रयोगशाळेत मुद्दाम वोल्बाकिया घातलेल्या एडिस इजिप्तीच्या वसाहतीत, ट्रेचा वास घालवण्यासाठी टेट्रासायक्लिन घालणे म्हणजे वसाहतीचा मुख्य गुणधर्मच पुसून टाकणे होय.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. क्यूलेक्सच्या निम्म्या ट्रेंना तीन पिढ्या टेट्रासायक्लिन दिले, वास गेला, समाधान वाटले, आणि मग पिंजऱ्यांत नर कमी पडले म्हणून औषध न दिलेल्या निम्म्यांतले नर आणून सोडले. अंड्यांचे तराफे नेहमीसारखेच तरंगत होते, घट्ट, काळसर, देखणे. फक्त त्यांतून काही निघत नव्हते. आधी पाण्याचा संशय घेतला, मग खाद्याचा, मग रक्ताचा. वोल्बाकियाच्या जनुकाची पीसीआर चाचणी (डीएनएच्या अनेक प्रती करून तो शोधण्याची पद्धत) करावी हे सुचायला महिना गेला. दोन्ही गटांतील दहा-दहा डासांची चाचणी एका दिवसात होते; औषध सुरू करण्यापूर्वीच ती करायला हवी होती.

याउलट, वोल्बाकिया पुढे जाण्यासाठी प्रतिजैविक उपयोगी पडते असे वाचले आहे. ते कसे?

ॲनोफिलिस गॅम्बी आणि स्टीफेन्सी यांच्यात प्रयोगाने घातलेला वोल्बाकिया आईकडून पिलांत जायला अडतो. आतड्यातील व इतर ऊतींतील असाइया त्याच्याशी स्पर्धा करतो, असे २०१४ मध्ये दिसून आले. वोल्बाकियाला न मारणाऱ्या प्रतिजैविकांनी असाइया कमी केल्यावर तो पुढील पिढीत जाऊ लागला. औषधाची निवड किती बारकाईने करावी लागते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्रतिजैविक दिलेल्या डासांवर हिवताप किंवा डेंगीचा प्रयोग केला तर निकाल बदलेल का?

बदलेल, आणि बहुधा संसर्ग वाढण्याच्या दिशेने. आतड्यातील जीवाणूंमुळे डासाची प्रतिकारयंत्रणा सतत थोडी जागी असते आणि काही जीवाणू परजीवीला थेट अपायही करतात. जीवाणू घटवलेल्या ॲनोफिलिसमध्ये प्लास्मोडियमचा, म्हणजे हिवतापाच्या परजीवीचा संसर्ग वाढल्याचे आणि एडिसमध्ये डेंगीच्या विषाणूचे प्रमाण वाढल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हिवतापाच्या परजीवींचा पुरवठा करणाऱ्या कीटकगृहांत साखरेतून जेंटामायसिन देण्याची प्रथा रुजली, तिचे एक कारण हेच आहे. तिथे अधिक संसर्गित डास हेच उद्दिष्ट असते. निसर्गातील डास किती धोकादायक आहे हे मोजायचे असेल तर तेच उद्दिष्ट फसवे ठरते.

एक वाट नजरेतून सुटते. औषध आपण दिले नसले तरी ते रक्तातून येऊ शकते. रक्तदात्याने प्रतिजैविक घेतले असेल, किंवा ज्या प्राण्याचे रक्त वापरतो त्याच्या खाद्यात औषध असेल, तर ते डासाच्या आतड्यात पोहोचते. माणसाच्या रक्तात असू शकतील अशा मात्रेतले पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन ॲनोफिलिस गॅम्बीला दिल्यावर जीवाणू घटले, डास जास्त जगले आणि परजीवीला अधिक बळी पडले, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. रक्ताच्या स्रोताची चौकशी म्हणूनच नोंदवहीत हवी.

जनुकीय बदल केलेल्या डासांना टेट्रासायक्लिन कशासाठी देतात?

ओएक्स५१३ए या एडिस इजिप्तीच्या वाणात एक असे जनुक घातलेले आहे की त्याचे प्रथिन पेशीत अति प्रमाणात साचून अळी प्रौढ होण्याआधी मरते. टेट्रासायक्लिन त्या प्रथिनाला जखडून जनुक दाबून ठेवते. कीटकगृहात औषध देऊन वाण वाढवायचा, बाहेर सोडलेल्या नरांची पिले औषधाअभावी मरतात. इथे औषध जीवाणूंसाठी दिलेलेच नसते. जीवाणूंवरचा परिणाम हा आनुषंगिक आहे, पण तो होतोच. औषधाशिवायही थोडी पिले प्रौढ होतात, म्हणून ट्रेमधील मात्रा आणि सोडण्याच्या जागेच्या आसपासच्या सांडपाण्यातील टेट्रासायक्लिन, दोन्ही तपासावे लागतात.

बुरशी आणि एकपेशीय परजीवींवर प्रतिजैविकांचा उपयोग होतो का?

नाही. साखरेतील बुरशीसाठी मेथिलपॅराबेन अल्प प्रमाणात वापरतात. मायक्रोस्पोरिडिया आणि एडिसमधील ॲस्कोग्रेगरिना या एकपेशीय परजीवींवर नेहमीची जीवाणूविरोधी औषधे चालत नाहीत. शंका असल्यास अळीचे आतडे काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे आणि बाधित वाण टाकून देऊन स्वच्छ अंड्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.

अंडी धुतल्याने औषधाची गरज कमी होते का?

होते, आणि माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. बरेच जीवाणू अंड्याच्या कवचावरून येतात. ७० टक्के अल्कोहोल, मग सौम्य ब्लीच, मग पुन्हा अल्कोहोल, अशी काही मिनिटांची धुलाई आणि शेवटी निर्जंतुक पाण्याने तीन-चार वेळा खळबळणे, ही प्रचलित रीत आहे. एडिसची अंडी सुकवलेली महिनोन्‌महिने टिकतात आणि त्यांचे कवच दणकट असते, म्हणून ती हे सोसतात. ॲनोफिलिसची अंडी सुकणे सहन करत नाहीत आणि ब्लीचलाही नाजूक असतात. त्यांच्यासाठी वेळ कमी करून आधी थोड्या अंड्यांवर पाहावे. धुतलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांना ज्ञात जीवाणू मुद्दाम द्यायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच अवस्थेत अडकलेल्या अळ्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पूर्ण जीवाणूमुक्त प्रौढ हवे असतील तर २०२१ मध्ये पुढे आलेली एक पद्धत प्रतिजैविकांपेक्षा स्वच्छ आहे. बाहेरून विशिष्ट पोषकद्रव्य मिळाले तरच वाढू शकणारे ई. कोलाय निर्जंतुक अळ्यांना दिले जातात. ते अळीला वाढवतात आणि पोषकद्रव्य काढून घेतल्यावर स्वतः संपतात.

जीवाणू खरोखर गेले, हे कसे ओळखावे?

डास ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून बाहेरून स्वच्छ करावेत, आतडे काढून चुरावे आणि क्रमाने विरल करत पेट्रीबशीवर पसरावे. बशी कोरी राहिली म्हणून लगेच आनंद मानू नये. आतड्यात उरलेले औषधच बशीवर जीवाणू वाढू देत नसेल, ही शक्यता खरी आहे. डासांना एक दिवस साधी साखर देऊन मग तपासणी केली, किंवा चुरलेल्या आतड्यात मुद्दाम मोजके जीवाणू मिसळून ते बशीवर वाढतात का हे पाहिले, तर हा घोळ सुटतो. बशीवर न वाढणारे जीवाणूही असतात. त्यांच्यासाठी सर्व जीवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाचे पीसीआर करावे. त्यात मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही दिसतो, म्हणून दोन्ही तपासण्या जोडीने केल्यास अर्थ लागतो.

वर्षानुवर्षे औषध देत राहिलो तर?

प्रतिकारक्षम जीवाणू निवडून वाढवले जातील. एलिझाबेथकिंगिया अनोफेलिस हा जीवाणू २०११ मध्ये ॲनोफिलिस गॅम्बीच्या आतड्यातून वर्णिला गेला. प्रयोगशाळेतील अनेक वसाहतींत त्याचे प्राबल्य असते आणि तो मुळातच अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. त्याच्या स्पर्धकांना औषधाने हटवले की वसाहत त्याच्याच ताब्यात जाते. माणसांतही तो गंभीर आजार घडवू शकतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २०१५-१६ मध्ये त्याची मोठी साथ नोंदवली गेली. रुग्णांना तो डासांकडून होतो असे सिद्ध झालेले नाही, तरीही ट्रे धुणाऱ्याच्या हातावर जखम असेल तर हातमोजे घातलेच पाहिजेत. प्रतिजैविक द्यायचेच असेल तर ते ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक गटाला द्यावे; मूळ वसाहतीचा एक पिंजरा औषधाविना कायम ठेवावा.

औषध मिसळलेले पाणी बेसिनमध्ये ओतले तर चालेल का?

नाही. ऑटोक्लेव्हने, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राने डास आणि जीवाणू मरतात, परंतु जेंटामायसिन उष्णतेला बरेच टिकाऊ आहे. असे पाणी वेगळ्या डब्यात साठवून संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावे.

शोधनिबंधात आणि नोंदवहीत काय लिहावे?

औषधाचे नाव, क्षाराचे रूप, मात्रा, ते पाण्यात की साखरेत की रक्तात दिले, कोणत्या दिवसापासून किती दिवस दिले आणि प्रयोगाच्या किती आधी थांबवले, हे सर्व लिहावे. औषध मिळालेल्या गटाबरोबर तीन तुलना-गट असावेत : औषध नसलेला, औषध आणि त्याला दाद न देणारे जीवाणू एकत्र दिलेला, आणि औषध ज्यात विरघळवले ते द्रावण एकटे दिलेला. मधला गट सर्वांत जास्त वगळला जातो. औषधाचा स्वतःचा परिणाम आणि जीवाणू गेल्याचा परिणाम वेगळा करणारा गट मात्र तोच असतो. पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर औषधाचे नाव व तारीख पेन्सिलीने लिहावी, कारण कीटकगृहातील ओलाव्यात शाई पसरते आणि पुढच्या पिढीला हा पिंजरा कोणत्या निम्म्यातला होता, हे कोणालाच सांगता येत नाही.